याद मला, विसर तुला

आमच्या लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांच्या घरी जेवायला कोंबडी होती. तिच्या छातीतलं बेचकीसारखं हाड तूबाच्या ताटात आलं. तिने ते स्वच्छ पुसलं, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं माझ्यापुढे करून म्हणाली, "मोडता?" भोवती तिचे भाऊ, मावश्या, आई-वडील. मी मान खाली घालून टोक धरलं. हाड कट्कन मोडलं आणि आमची पैज सुरू झाली.

आमच्या हमदानात हा खेळ लहान पोरांनाही ठाऊक असतो. हाड मोडल्यापासून दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या हातून काही घेतलं, मग ते मीठ असो की मूल, तर घेताना "याद" म्हणायचं. म्हणजे पैज माझ्या ध्यानात आहे. जो न बोलता घेईल त्याला समोरच्याने तिथल्या तिथे पकडायचं : "याद मला, विसर तुला!" की संपला खेळ. वस्तू टेबलावर ठेवली आणि तिथून उचलली, तर ते धरत नाहीत. हातातून हातात गेली पाहिजे. बहुतेकांचा निकाल दोन-चार दिवसांत लागतो. आमचा वर्षानुवर्षं लागला नाही. 'जिंकणारा मागेल ते' असं ठरलं होतं. आम्हाला नातवंडं झाली, तरी कुणी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

मी सगळा जन्म ग्रंथालयात काढला. प्रेमाची पुष्कळ वाक्यं मला पाठ होती, पण घरी आल्यावर त्यांतलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही. बाहेर पडायचं ते "याद". फरंगीस जन्मली तेव्हा दाईने ती माझ्या हातात दिली आणि मी तूबाच्या. तूबाचे डोळे मिटलेले, केस घामाने कपाळाला चिकटलेले, पण मुलीला घेताना ती पुटपुटली, "याद." दाई म्हणाली, "बाईला भ्रम झालाय." सासरे गेले तेव्हा कबरस्तानात मी तिला रुमाल दिला. हुंदका आवरून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "याद." बायकोशी बोलणं म्हणतात ते माझं बहुधा एवढंच झालं. पण तेवढं माझं होतं.

मागच्या शरद ऋतूत मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला आणि दोन दिवस घरभर शोधला. त्याच आठवड्यात चहाच्या समोवारात पाणी न घालताच तो पेटवला. तूबाने हे हसत हसत मुलीला सांगितलं, आणि फरंगीसचा कराजहून फोन आला.

"बाबा, तुमच्या जुन्या ग्रंथालयात म्हाताऱ्यांसाठी आठवणीचा वर्ग सुरू झालाय. जा तिकडे."

"मी काय शाळकरी पोर आहे?"

"शाळकरी पोराला चष्मा सापडतो, बाबा."

मी एकटा जायला लाजतो, म्हणून तूबा सोबत आली. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, इंजिनियर केयूमर्स दश्ती, हेही आमच्याबरोबर निघाले. हा माणूस आबादानच्या तेलाच्या कारखान्यात आयुष्यभर मोठ्या हुद्द्यावर होता. बायको गेल्यावर सगळं विकून तो थंड हवेसाठी आमच्याकडे राहायला आला. मुलगा परदेशात. उंच, केस अजून दाट, अंगाला अत्तराचा वास, आणि आवाज असा की तो जिन्यात बोलला तरी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. मी बोललो तर शेजारच्या खुर्चीवरचाही विचारतो, "काय म्हणालात?"

मीच कधीकाळी मांडलेल्या कपाटांसमोर बसून मला आठवणीचे धडे घ्यायचे होते. शिकवणारी गोलनार नावाची तरुण मुलगी होती. ती सांगायची : डाव्या हाताने केस विंचरा. भाकरी आणायला रोज वेगळ्या गल्लीने जा. झोपण्याआधी सकाळपासूनचा दिवस उलटा आठवा. शंभरातून सात वजा करा, उरलेल्यातून पुन्हा सात. माझी पाळी आली की मी त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीत अडकायचो, आणि सगळे थांबले आहेत हे कळलं की तेही विसरायचो. इंजिनियर मात्र जिना उतरल्यासारखा धडाधड शेवटच्या दोनपर्यंत यायचा.

"वा, इंजिनियर साहेब!" तूबा म्हणायची.

एकदा गोलनारने दहा शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने ते परत विचारले. मला सहा आले. इंजिनियर म्हणाला, "बेटा, दहा शब्दांचं काय घेऊन बसलीस! आबादानात एकदा कारखान्याचा भोंगा बिघडला, तो सकाळपर्यंत वाजतच राहिला..." आणि त्याने अशी गंमत रंगवून सांगितली की वर्ग हसून बेजार झाला. तूबाने डोळे पुसले. माझे सहा शब्द कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत.

मग एका मंगळवारी गोलनार कापडी पिशवी घेऊन आली. आत कोंबडीवाल्याकडून आणलेली, धुऊन वाळवलेली बेचकीची हाडं होती.

"तुमच्या आज्यांचा हा खेळ माझ्या सगळ्या व्यायामांपेक्षा चांगला आहे," ती म्हणाली. "दिवसभर ध्यान ठेवावं लागतं. पण नवरा-बायकोंनी एकमेकांशी खेळायचं नाही हं. सवय झाली की डोकं झोपतं."

हे शेवटचं मला लागलं. इतकी वर्षं आमची डोकी काय झोपली होती? मी तूबाकडे पाहिलं. ती पिशवीत हात घालून चांगलं हाड निवडत होती.

चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. माझी जोडी पोस्टातून निवृत्त झालेल्या आगा जलालींशी पडली. हाड मोडलं, आम्ही बाहेर निघालो आणि दारातच ते म्हणाले, "ही पेन्सिल तुमची का?" मी घेतली.

"याद मला, विसर तुला!" जलाली ओरडले. "अर्धा किलो हलवा, उस्ताद. पिस्त्याचा."

मी वर्गाबाहेरही पडलो नव्हतो.

तूबाची जोडी इंजिनियरशी पडली. हाडाचं टोक धरून त्याने विचारलं, "पैज काय, तूबा खानम?"

"तुम्ही सांगा."

"जिंकणारा मागेल ते!"

मला वाटलं, आता ती नाही म्हणेल. सांगेल की ही पैज आधीच कुणाशी तरी लागली आहे. ती हसून म्हणाली, "चालेल." हाड मोडलं, आणि त्याचा आवाज माझ्या सासऱ्यांच्या घरी झाला होता अगदी तसाच होता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी इंजिनियर चिंच घातलेला माशांचा रस्सा घेऊन खाली आला. दारात तूबाने भांडं घेतलं.

"याद!" ती म्हणाली. माझ्याशी म्हणते तसं सांभाळून नव्हे, चांगलं खणखणीत.

"अरे देवा, ही बाई काही हरायची नाही!" तो म्हणाला.

आता, शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. दुसऱ्या दिवशी तूबा त्यात हिरव्या भाजीची जाड पोळी, कूकू, घालून वर गेली. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून ऐकत होतो.

"याद, खानम, याद! आम्ही आबादानवाले. तेलाच्या विहिरीत पडलो तरी पैज विसरत नाही."

त्यांचं हसणं खाली आलं. मग तो शोलेजर्द, केशराची भाताची खीर, घेऊन आला, वर दालचिनीने नाव काढलेलं. नाव तूबाचं. माझं नाव मोठं आहे, भांड्यावर मावलं नसतं, हे मला कळतं. तरी नुसरत काही एवढं मोठं नाही.

मी ठरवलं की भांडी मीच घ्यायची. जिन्यात पावलं वाजली की मी तूबाच्या आधी दाराशी जायचो. इंजिनियरची पैज माझ्याशी नव्हती, त्यामुळे माझ्या हाती आलेल्या भांड्याने खेळाचं काही बिघडत नव्हतं. फक्त तो शब्द उच्चारला जात नव्हता.

"आगा, तुम्ही दारावर शिपाई म्हणून लागलात की काय?" तूबाने विचारलं.

"तुझे गुडघे दुखतात म्हणून."

"माझे गुडघे कधीपासून दुखतायत. आज दिसले?"

मला उत्तर नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतं, आणि तेव्हाही ते फारसं चांगलं नसतं.

दुसरीकडे मी व्यायाम जोरात सुरू केले. भाकरी आणायला इतक्या वेगळ्या गल्ल्यांनी गेलो की संगक भाकरी भाजणारा म्हणाला, "उस्ताद, रस्ता चुकलात?" सातची वजाबाकी आंघोळ करताना घोकली. इंजिनियर डाव्या हाताने दाढी करतो असं वर्गात कळलं, म्हणून मी डाव्या हाताने मिशी कापायला घेतली आणि एका बाजूची अर्धी मिशी उडवली.

तूबाने माझी हनुवटी उजेडाकडे वळवली. "हे कुणासाठी?"

"मेंदूसाठी."

"मेंदू मिशीत असतो हे मला माहीत नव्हतं. बसा इथे." तिने कात्री घेतली आणि दुसरी बाजूही त्याच मापाला आणली. मग कात्री माझ्यापुढे धरली. "ठेवा डब्यात."

"याद," मी घेताना म्हणालो.

तिने मान हलवली. त्या दिवसांत एवढ्यावर मी दिवस काढत होतो.

तेव्हाच तिने लोकर काढली. करड्या रंगाची, जाड. संध्याकाळी समोवारजवळ बसून ती टोपी विणू लागली. माझी जुनी टोपी कानांवर विरली होती, आणि थंडी जवळ आली होती. मी काही विचारलं नाही. पण ती फेरे मोजायची तेव्हा मी पुस्तकाआडून पाहायचो आणि मला बरं वाटायचं.

एक दिवस मी खिडकीपाशी होतो. इंजिनियर फाटकातून आत आला. तूबा अंगणात कपडे वाळत घालत होती. त्याने पिशवीतून डाळिंब काढलं.

"जान, हे घे. साव्याच्या बागेतलं आहे."

तूबाने ते घेतलं. "याद" म्हणाली की नाही, मला काचेतून ऐकू आलं नाही. मला एकच ऐकू आलं होतं, जान. आतापर्यंत तूबा खानम होती. खानमची जान कधी झाली? त्यानंतर मी लक्ष ठेवलं. तो जिन्यात "जान, कशी आहेस?" म्हणायचा. वर्गात "जान, इथे बस." तूबा खानम हे नाव त्याने पुन्हा एकदाही घेतलं नाही. आणि ती? तिने एकदाही भुवई उंचावली नाही. उलट ती त्याच्याशी हळू, समजुतीच्या आवाजात बोलू लागली होती. तो आवाज मी ओळखत होतो. फरंगीस लहानपणी तापात असताना तूबा त्या आवाजात बोलायची. माझ्याशी ती कधी तशी बोलली नव्हती.

मग तो शुक्रवार. अल्वंद डोंगरावर पहिलं बर्फ पडलं होतं आणि इंजिनियर दुपारच्या चहाला आमच्याकडे आला होता. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलो होतो. त्यातली एक ओळही मी वाचत नव्हतो. तूबाने चहा ओतला. पेला टेबलावर न ठेवता त्याच्या हातात दिला.

त्याने घेतला. काही बोलला नाही.

हरला! मी तूबाकडे पाहिलं. तिने पाहिलं होतं; तिचे ओठ किंचित उघडले होते. आता ती म्हणेल, आता संपेल हे सगळं. तिने साखरेच्या खड्यांची वाटी पुढे केली. "साखर घ्या."

त्याने तिच्या हातून वाटी घेतली. पुन्हा काही नाही.

"अक्रोड?" ती म्हणाली आणि सोललेले अक्रोड त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने तोंडात टाकले. "वा, जान, वा."

तीन वेळा त्याने तिच्या हातून घेतलं आणि तीन वेळा तिने त्याला सोडलं. हमदानात लहान बहीणसुद्धा भावाला एकदा सोडत नाही. सख्खी आई सोडत नाही. मी त्या पुरुषाच्या हातातल्या पेल्याकडे पाहत राहिलो आणि मला वाटलं, जिंकण्यापेक्षाही मोठं असं काहीतरी तिने त्याला माझ्यासमोर देऊन टाकलं.

तो वर गेल्यावर मी पुस्तक मिटलं.

"तू त्याला सोडलंस."

"हळू बोला. वर ऐकू जातं."

"मला कधी सोडलंस? इतक्या वर्षांत एकदा तरी?"

"तुम्ही कधी विसरलातच नाही तर सोडू कशी?"

"तो विसरला! तीनदा! तू पाहिलंस. तुला बोलता आलं असतं. तू... तुला जिंकायचंच नाहीये त्याच्याशी."

तूबा खाली बसली. पदराशी चाळा करावा तशी ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"आगा, पैज त्यांच्या ध्यानातच नाही," ती म्हणाली. "आज नाही, महिना झाला. जो खेळतच नाही त्याला हरवायचं कसं?"

"म्हणजे?"

"परवा खाली आले आणि मलाच विचारलं, मी कुठल्या मजल्यावर राहतो. मी हात धरून वर नेलं. चूल पेटलेली, वर काही नाही. त्यांच्या बायकोचं नाव मला विचारलं त्यांनी. मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही."

"पण वजाबाकी..."

"वजाबाकी येते. आकडे आहेत अजून. माणसं चाललीयेत."

पण आत जे खुपत होतं ते निघालं नव्हतं, आणि मी इतका लहान मनाचा की तेही विचारलं. "आणि ते जान?"

तूबाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. "त्यांना माझं नाव आठवत नाही, नुसरत आगा. म्हणून जान. जलालींनाही जान म्हणतात. भाकरीवाल्यालाही. तुम्हाला काय म्हणतात?"

मी आठवून पाहिलं. "उस्ताद."

"बघा."

"मुलाला कळवलंस?"

"कळवलं. नवरोजच्या सणाला येतो म्हणाला." तिने पेले गोळा केले. "गोलनारलाही सांगितलं. तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही शिपायाची नोकरी करत होतात."

इथे माझा मत्सर संपायला हवा होता. एखाद्या चांगल्या माणसाचा संपला असता. माझा संपला नाही, त्याने फक्त जागा बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीच्या रांगेत उभा असताना एक विचार माझ्या मनात आला, आणि मी पुढच्या माणसाला धडकलो. तूबा त्याला गुपचूप सोडत होती आणि त्याला पत्ताही नव्हता. मग मला तरी कशावरून पत्ता असेल?

चष्मा फ्रिजमध्ये ठेवणारा मी. कोरडा समोवार पेटवणारा मी. पेन्सिल घेऊन हरणारा मी. असा मी, आणि बायकोशी मात्र इतकी वर्षं एकदाही चुकलो नाही? कोण विश्वास ठेवेल? मी कितीदा तरी न बोलता तिच्या हातून मीठ घेतलं असेल, आणि तिने साखरेची वाटी पुढे केली असेल. त्याच समजुतीच्या आवाजात. मला कुणी सोडलं, हे मला आठवणारच नाही. ते आठवलं असतं तर सोडावंच लागलं नसतं.

तिला विचारून उपयोग नव्हता. सोडलं नसेल तर ती नाही म्हणेल, आणि सोडलं असेल तरी नाहीच म्हणेल. आता तर मला इंजिनियरचाही हेवा वाटत नव्हता. मला हेवा वाटत होता तो मागच्या वर्षीच्या माझाच, ज्याला हे प्रश्न पडत नव्हते.

मग मी ठरवलं, एकदा मुद्दाम न बोलता घ्यायचं. तिने पकडलं तर मी अजून खेळात आहे. नाही पकडलं तर मला कळेल.

हे वाटतं तितकं सोपं नाही. सकाळी तिने चहा दिला, मी ओठ घट्ट दाबून हात पुढे केला, आणि पेल्याला बोट लागताच तोंड आपोआप म्हणालं, "याद." दुपारी तिने सुरी दिली. "याद." टॉवेल. "याद." माझी जीभ माझं ऐकेना. आठवणीच्या वर्गात कुणी विसरायला शिकवत नाही. एकदा मी तोंडात भाकरीचा मोठा घास कोंबून लिंबू घ्यायला गेलो, तर घासातूनच काहीतरी "आद" असं निघालं, आणि मला ठसका लागला.

"खाताना बोलू नका," तूबा पाठीवर थापटत म्हणाली.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी रस्ताभर बर्फ होतं. खिडकीतून दिसलं, इंजिनियर अंगणात उघड्या डोक्याने उभा होता आणि फाटक कुठल्या बाजूला उघडतं ते पाहत होता. तूबाने आतून ती करडी टोपी आणली. विणून झाली होती. वर छोटासा गोंडाही होता. ती माझ्याकडे आली आणि मी डोकं थोडं खाली केलं, तिला घालता यावी म्हणून.

"धरा," ती म्हणाली. "पळत जाऊन त्यांना देऊन या. गारठून जातील."

टोपी माझ्या हातात आली. मऊ होती. इतक्या संध्याकाळी पुस्तकाआडून पाहिलेले ते सगळे फेरे त्याच्या डोक्यासाठी होते. विरलेल्या टोपीतले माझे कान तिला दिसलेच नव्हते. टोपी मुठीत धरून मी तसाच वळलो.

"याद मला!"

मी थांबलो.

"विसर तुला! विसर तुला! विसर तुला!" तूबा दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होती. तिने समोवारचं झाकण उचलून चमच्याने वाजवलं. तिचे दुखरे गुडघे, आणि ती चक्क जागच्या जागी उड्या मारत होती. "हरले! अहो आगा, हरलात! शेवटी एकदाचे हरलात!" फोन उचलून तिने कराजला लावला. "फरंगीस, तुझा बाप हरला! हो, आत्ता! टोपी घेतली, गप्प! अगदी मेंढरासारखा!"

मी दारात टोपी घेऊन उभा होतो आणि हसत होतो, आणि चष्म्यावर पाणी आलं होतं. तिने क्षणभरही वाट पाहिली नव्हती. साखरेची वाटी पुढे केली नव्हती. घारीसारखी झडप घातली होती माझ्यावर.

मी मुद्दाम विसरलो की खरंच विसरलो, ते मला आजही सांगता येत नाही. विसरायचं ठरवलेलं होतं हे खरं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात त्या टोपीखेरीज काही नव्हतं, हेही खरं. मी ते तिला सांगितलेलं नाही. तिचा आनंद कमी झाला असता.

"माग," मी म्हणालो. "काय मागायचं ते माग."

तूबा धापा टाकत बसली. "लग्नानंतर बांगड्या मागणार होते. मग शिलाईचं यंत्र. फरंगीस झाली तेव्हा वाटलं, मशहदची यात्रा. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा ठरवलं होतं, ती सगळी पुस्तकं माळ्यावर टाका असं मागायचं."

"आणि आता?"

तिने खिडकीकडे पाहिलं. इंजिनियर अजून फाटकाशी होता.

"ही टोपी त्यांच्या डोक्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने घालायची. रोज सकाळी त्यांना फिरायला न्यायचं. अन् त्यांच्याशी हाड मोडायचं."

"तो विसरणार."

"विसरू दे. तुम्ही पकडायचं नाही."

"इतक्या वर्षांच्या पैजेचं एवढंच मागणं? तेही त्याच्यासाठी?"

"माझं मागणं आहे. मी जिंकलेय. जा, बर्फ पडतंय."

मी गेलो. टोपी त्याच्या डोक्यावर घातली, कानांपर्यंत ओढली. त्याला ती माझ्यापेक्षा शोभून दिसली. अशा माणसांना सगळंच शोभतं. आम्ही बाजाराच्या टोकापर्यंत हळूहळू चाललो. तो शंभरातून सात वजा करत होता आणि मी त्याच्यामागोमाग म्हणत होतो. वाटेत बुटाची नाडी बांधायला त्याने काठी माझ्याकडे दिली.

"याद," मी म्हणालो. आमचं हाड अजून मोडलेलं नव्हतं. सवयीने निघून गेलं.

त्याने वर पाहिलं. "काय याद, जान?"

"काही नाही," मी म्हणालो आणि त्याच्या उठण्याची वाट पाहिली.

घरी आलो तर तूबाने कोंबडी शिजायला टाकली होती. बेचकीचं हाड आधीच काढून, पुसून बशीत ठेवलं होतं. "बसा," ती म्हणाली. नव्या पैजेसाठी आम्ही दोघांनी टोकं धरली. हाड मोडलं. मोठा तुकडा तिच्याकडे गेला.

मी बूट काढत होतो तेव्हा तिने विचारलं, "टोपी होती ना शेवटपर्यंत डोक्यावर? काढली नाही ना त्यांनी मध्येच?"

"होती."

"कान झाकले होते?"

"झाकले होते."

माझे कान लाल झाले होते आणि दुखत होते. त्यांच्याबद्दल तिने काही विचारलं नाही. तिने पेल्यात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला.

"याद," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो, वर ऐकू जाईल असं.